काड्यांना विचारण्याआधी

थर्मासचं बूच फट्कन उडालं आणि टेबलाच्या पायाशी घरंगळत गेलं.

तोवर घरात इतकं शांत होतं की शेगडीतला कोळसा खाली बसल्याचंही ऐकू येत होतं. हुइलान बुटक्या स्टुलावर डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून बसली होती. समोर खाटेवर तिचे सासरे, रजईत गुंडाळलेले, पाठीशी दोन उशा. बूच उडालं तशी ती दचकली, आणि आतल्या खोलीत, जिथे पाच वर्षांची सुइसुइ झोपलीय असं दोघंही धरून चालले होते, तिथून फिदीफिदी हसण्याचा आवाज आला.

"हललीस," सासरे म्हणाले.

"बूच उडालं, बाबा."

"बूच उडालं. तू कशाला उडालीस?"

"काठोकाठ भरला होता मी थर्मास. वाफ धरली असेल."

"उद्याही काहीतरी उडेल. कोंबडं उडेल, पोरगी उडेल. आपण बसून राहायचं. पुन्हा मीट डोळे."

तिने मिटले. मिटल्याबरोबर झोप आली. मान खाली कलली तशी सासऱ्यांनी जिभेने 'च्यक्' केलं आणि ती पुन्हा ताठ बसली. दिवसाउजेडी डोळे मिटून बसायचं आणि झोपायचं नाही, हे तिला या घरात आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

अर्धांगवायूने म्हाताऱ्याचा उजवा हात आणि पाय नेला होता, जीभ जड केली होती. बाहेरच्याला त्यांच्या बोलण्यातले अर्धे शब्द कळत नसत. हुइलानला सगळे कळत, न बोललेलेसुद्धा. पाणी हवंय, कूस बदलायचीय, सून आज रागावलीय हे समजलंय. दोन हिवाळे ती त्यांना भरवत होती, धूत होती, उचलून बसवत होती. सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या.

एके काळी आसपासच्या गावांतून लोक त्यांच्याकडे यायचे. विहीर कुठे खणावी, मुलगी या घरात द्यावी का, भावाशी वाटणी करावी का. गावाबाहेरच्या जुन्या टेकाडावर एक गवत उगवतं, त्याच्या वाळल्या काड्या त्यांच्याकडे होत्या, दोन्ही हातांत मावतील एवढ्या. त्या दुभागायच्या, चार-चार करून बाजूला सारायच्या, पुन्हा दुभागायच्या आणि त्यातून एकेक रेघ मिळवत खालून वर सहा रेघा मांडायच्या. मग त्या रेघा काय म्हणतात ते सांगायचं. समोरच्याचं तोंड बघून बोलणं त्यांना कधी जमलं नाही. 'नको' आलं तर 'नको' सांगायचे, मग समोरचा आणलेली अंडी परत घेऊन गेला तरी चालेल. जुन्या समजुती मोडायच्या म्हणून सरकारने ज्या वर्षांत असलं सगळं चौकात आणून जाळायला लावलं होतं, त्या वर्षांत त्यांनी काड्या ज्वारीच्या केरसुणीत खोचून ठेवल्या होत्या, आणि झडती घ्यायला आलेल्या पोरांसमोर त्याच केरसुणीने अंगण झाडून दाखवलं होतं.

आता उजवा हात शेजारून मागून आणलेल्या भांड्यासारखा मांडीवर पडून असे. काड्या दोन हातांनी दुभागाव्या लागतात. म्हणून उद्या सकाळी हुइलानला स्वतःच विचारायचं होतं.

काय विचारायचं ते साऱ्या गल्लीला माहीत होतं. तिचा नवरा छुनलिन दक्षिणेत बुटांच्या कारखान्यात होता. या नववर्षाला तो आला नाही. सुटीत थांबणाऱ्यांना जादा पगार होता. त्याने दुकानातल्या फोनवर तिला बोलावून घेतलं आणि सांगितलं, शिवणखात्यात बायका घेताहेत, तू ये. नवराबायको असली तर वेगळी खोली देतात. मुलं चालत नाहीत. कंदिलांचा सण झाला की गावातली मंडळी निघतील, त्यांच्यासोबत ये. दुकानावर तिकिटं काढणाऱ्याला उद्या दुपारच्या आत हो की नाही ते कळवायचं होतं. ती गेली तर सुइसुइ आणि म्हातारा, दोघंही थोरल्या जावेकडे जाणार. परत यायचं ते जमलं तर पुढच्या नववर्षाला.

थोरली जाऊ म्हणत होती, जा. शेजारीण म्हणत होती, वेड लागलंय का. छुनलिन फोनवर शेवटी म्हणाला, "तू बघ." ते 'तू बघ' कानात घेऊन दुकानापासून घरापर्यंत येताना हुइलान वाटेत गिरणीच्या ओट्यावर टेकली. ठरवायलाही अंगात काही लागतं, आणि ते तिच्यापाशी उरलं नव्हतं. त्या संध्याकाळी सासऱ्यांच्या पायाला तेल चोळता चोळता ती म्हणाली, "बाबा, काड्यांना विचारलं तर?"

त्यांनी डावा पाय तिच्या हातातून सोडवून घेतला.

"तयारी करावी लागते. घराची आणि आपली. जमेल?"

"घराची जमेल," हुइलान म्हणाली.

तर दुपारचं ते बसणं हा तयारीचा पहिला भाग होता. दुसरा भाग प्रश्नाचा. तो तिने ऊन पाण्याच्या घमेल्यात सासऱ्यांचे पाय धुताना केला, कारण एका वेळी एकच काम करणं तिला जमण्यासारखं नव्हतं.

"काय विचारशील?" सासऱ्यांनी विचारलं.

"जाऊ की राहू?"

"हा तराजू झाला. काड्या एका वाटेबद्दल बोलतात. एक वाट धर आणि विचार."

"मग... जाऊ का?"

"हे पोरं विचारतात. परसाकडे जाऊ का, खेळायला जाऊ का. तुला कोणी धरलंय?"

हुइलानने त्यांची टाच घासली. "मी गेले तर सुइसुइचं आणि तुमचं कसं होईल?"

"दोन झाले. मला काढ त्यातून."

"कसं काढू? घरात आहात ना तुम्ही?"

"घरात आहे. प्रश्नात नको. माझं काय व्हायचंय ते काड्यांना विचारण्याइतकं अवघड नाही."

"बरं. मी गेले तर सगळ्यांचं भलं होईल का?"

"असले गोड शब्द घालू नकोस. भलं म्हणजे कुणाचं, कशातलं? काड्या ओशाळतात."

हुइलान हात पाण्यातून काढून मागे टेकली. "तुमच्याकडे यायचे ते लोक एवढे शहाणे असायचे का हो?"

"छे. त्यांचा प्रश्न मी नीट करून द्यायचो."

"मग माझा द्या ना नीट करून."

"तू घरची आहेस. मी हात लावला तर त्याला माझा वास येईल." त्यांनी डावा पाय स्वतःच उचलून टॉवेलवर ठेवला. "एक प्रश्न, एका गोष्टीबद्दल, एकदाच. रात्रभर आहे तुझ्याकडे."

संध्याकाळच्या आत टेबल मोकळं करायचं होतं. घरात एकच मोठं चौकोनी टेबल. त्यावर मिरचीच्या तेलाची बरणी, सासऱ्यांच्या गोळ्या, सुइसुइचे खडू, अर्धा विणलेला स्वेटर, वाफवलेल्या पावांची टोपली, बंद पडलेला रेडिओ, कुणाचा तरी एकटा मोजा. एवढ्या वर्षांत टेबलाचा लाकडी रंग कसा आहे हे हुइलान विसरून गेली होती. तिने सगळं उचलून आपल्या खाटेवर ठेवलं. मग लक्षात आलं की झोपायचं तर हे पुन्हा उचलावं लागेल. ती क्षणभर तशीच मोजा हातात घेऊन उभी राहिली. मग सोड्याच्या कढत पाण्याने टेबल घासायला घेतलं.

"उत्तरेच्या भिंतीला लाव," सासरे खाटेवरून सांगत होते. "तू दक्षिणेच्या बाजूला. तोंड उत्तरेला."

"त्या भिंतीवर सासूबाईंचा फोटो आहे. त्यांच्याकडे बघत विचारू?"

"जिवंत होती तेव्हा घाबरली नाहीस, आता घाबरतेस?"

"जिवंत होत्या तेव्हाच घाबरत होते."

म्हातारा हसला. हसताना त्यांचं अर्धंच तोंड हलायचं आणि ते बघून सुइसुइ नेहमीसारखी दुप्पट हसली. ती बाकडं आपल्या बाहीने पुसत होती, म्हणजे बाहीवरचा खडू बाकड्याला लावत होती. हुइलानला तिच्यावर ओरडायचंही त्राण नव्हतं. तिने बाकडं पुन्हा पुसलं.

काड्यांची निळी कापडी पिशवी सासऱ्यांच्या उशाखाली असे. त्यांनी ती नातीला उघडून दाखवली, हात न लावण्याच्या बोलीवर. काड्या हाताळून हाताळून मधाच्या रंगाच्या झाल्या होत्या.

"ही एक वेगळी का बांधलीय, आजोबा?"

"ती कामात घेत नाहीत. सुरुवातीलाच बाजूला ठेवायची."

"तिला खेळायला घेत नाहीत?"

"बाकीच्या खेळतात, ती बघते."

सुइसुइ त्या काडीपाशी तोंड नेऊन कुजबुजली, "कंटाळा आला तर मला सांग हं." आणि मग आईकडे वळून मोठ्यांदा, "मी हात नाही लावला!"

जेवणात मांस नको, लसूण नको, कांद्याची पात नको. नववर्षाचे दिवस, खिडकीच्या कट्ट्यावर जावेने पाठवलेले डुकराच्या मांसाचं सारण भरलेले कणकेचे गोळे गोठून दगड झाले होते. ते तिने सासऱ्यांना आणि मुलीला उकडून दिले आणि स्वतःसाठी कोबी परतला. पहिला घास तोंडाशी नेणार तोच सासऱ्यांनी विचारलं, "कशात परतलास?"

हुइलानने कढईकडे पाहिलं. हात सवयीने चरबीच्या डब्यातच गेला होता.

"कोबीच आहे हो, बाबा."

"डुक्करही जन्मभर कोबीच खात होतं."

तिने बशी मुलीपुढे सरकवली आणि कोरा वाफवलेला पाव मिठातल्या मुळ्याशी खाल्ला, वर गरम पाणी प्यायली.

"आई, तुला शिक्षा झालीय?" सुइसुइने विचारलं.

"हो. गपचूप जेव."

झोपायच्या आधी तिने एक प्रश्न सासऱ्यांच्या कानावर घातला. 'मी दक्षिणेला गेले तर सुइसुइचं कसं होईल?' एकच वाट, एकच माणूस, गोड शब्द नाहीत. "चालेल," ते छताकडे बघत म्हणाले. दोरी नीट न बांधलेल्या गाठोड्याला माणूस 'चालेल' म्हणतो तसं. मग पांघरुणातून एवढंच बोलले, "सकाळी अंग धुशील तेव्हा हाही धुऊन घे. उरेल तो आण."

पहाटे अंगणातला हातपंप गोठला होता. तिने त्यावर किटलीभर कढत पाणी ओतलं, दांडा हापसून हापसून पाणी काढलं, शेगडीवर दोनदा तापवलं आणि पत्र्याचं घमेलं शेगडीजवळ ओढून दार लोटून घेतलं. हिवाळ्यात इतकं पाणी फक्त स्वतःच्या अंगावर घ्यायची तिला सवय नव्हती. हातांच्या भेगा पाण्यात चुरचुरल्या. पोटावरच्या सुइसुइच्या वेळच्या रेघा अजून तशाच होत्या, ओल्या झाल्या की चमकायच्या. कुणी हाक मारत नव्हतं. कुणी हाक मारत नाही हे ती मधूनमधून थांबून ऐकत होती.

आणि तिथे घमेल्यात बसल्या बसल्या तिला कळलं की रात्रीचा प्रश्न तिचा नव्हताच.

छुनलिनने फोनवर 'खोली' म्हटलं तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर छुनलिन आला नव्हता, पगारही आला नव्हता. आली होती एक खाट, जिथे रात्री कुणी उठवत नाही. मग ओळीने बसलेल्या बायका, प्रत्येकीपुढे एक मशीन, आणि एक घंटा. घंटा वाजली की काम संपतं. संपतं! इथे काहीच संपत नव्हतं. पाव संपले की पाव, धुणं संपलं की धुणं, म्हाताऱ्याला एका कुशीवर वळवलं की दुसरी कूस. त्या चित्राकडे ती फोननंतरचे सगळे दिवस चोरून बघत आली होती, झाडताना, कणीक मळताना. आता तिने त्यात सुइसुइला शोधलं. ती नव्हती. ठेवली तर ठेवता येत होती, खाटेच्या कडेला, खडू घेऊन. पण ठेवावी लागत होती. आपण होऊन ती तिथे नव्हती.

पाणी कोमट झालं तरी हुइलान उठली नाही. जिच्या कपाळाला हात लावून बघितल्याशिवाय आपण एक रात्र झोपलो नाही, तिच्याशिवायचं हे चित्र आपल्याच डोक्यात कोणी काढलं? आणि हे मोठ्याने बोलायचं? तिच्या आजोबांसमोर? कारण काड्यांपुढे प्रश्न मनात ठेवून चालत नाही. नाव सांगून, तोंडाने, ऐकू येईल असा विचारावा लागतो.

तिने धुतलेले कपडे घातले, वरून निळा कोट, लग्नानंतरच्या पहिल्या नववर्षाचा. ओले केस विंचरून मागे बांधले. मग सासऱ्यांना उठवलं, तोंड धुतलं, निर्जीव हात आधी घालून स्वच्छ सदरा चढवला, उशा लावून खाटेवरच टेबलाच्या कडेला बसवलं. तयारीतला सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला. ज्वारीने भरलेल्या वाटीत तिने उदबत्त्या खोचल्या, पेटवल्या, पुन्हा हात धुतले. अंगणाच्या दाराला कडी घातली. उजाडलं होतं. टेबलावर वाटी आणि निळी पिशवी, बाकी काही नाही. इतकी मोकळी जागा त्या घरात शोभत नव्हती.

सासऱ्यांनी मान हलवली. तिने काड्या काढल्या, दोन्ही हातांत धरून धुरातून फिरवल्या. त्या अंदाजापेक्षा हलक्या होत्या.

"नाव सांग. मग बोल."

"मी हुइलान. कंग घराण्यातल्या छुनलिनची बायको. मला कळत नाही..." धूर सरळ वर जात होता. "बाबा, मी थकलेय."

"हं," म्हातारा म्हणाला. घाई नव्हती त्यांना. "पुढे."

तिने तोंड उघडलं.

"अगं ए हुइलान! उजाडल्यावर कडी कशाला लावतेस? सोनंनाणं ठेवलंयस का आत?"

थोरली जाऊ क्वेइरोंग. भिंतीच्या फटीतून हात घालून कडी कशी काढायची हे ती लग्न होऊन आली तेव्हापासून जाणत होती. ती आत आलीच, थंडीने गाल लाल, हातात कंदिलांच्या सणासाठी वळलेल्या तांदळाच्या गोळ्यांचं भांडं.

"अगं बाई, नटलीस ती! माहेरी निघालीस का?" मग तिला उदबत्त्या दिसल्या. "विचारताय होय! थांबा, थांबा. कशाला एवढा जीव शिणवता? मी विचारून आले की!"

हुइलानचे हात धुरात तसेच राहिले. "काय विचारून आलात, वहिनी?"

"हेच! काल जत्रेला गेले नव्हते का मी तालुक्याला? देवळाच्या भिंतीशी तो आंधळा बसतो ना, बांबूच्या नळीतून पट्टी काढून देणारा, त्याला. तुझं नाव सांगितलं, जन्माची वेळ सांगितली, दक्षिणेला जावं का म्हणून विचारलं. कालच येणार होते सांगायला, पण मेला ट्रॅक्टर वाटेत बंद पडला."

"तुम्हाला सांगितलं होतं कुणी?"

"सांगायला कशाला लागतं? परकी आहे का मी? आणि ऐक तरी! म्हणाला, दक्षिणेला लाभ आहे. आणि म्हणाला, मुलगी थोरल्या काकूकडे फुलासारखी वाढेल. घे! मी त्याला अक्षरसुद्धा पढवलं नव्हतं."

"अक्षरसुद्धा नाही?" सासऱ्यांनी विचारलं.

क्वेइरोंगला त्यांचं बोलणं नीट कळत नसे, पण हे कळलं. "म्हणजे... थोरली काकू तयार आहे, एवढंच काय ते सांगितलं."

म्हाताऱ्याने डावा हात पुढे केला. हुइलानने काड्या त्यात दिल्या. त्यांनी त्या पिशवीत सारल्या, नाडीचं एक टोक दातांत धरलं आणि गाठ मारली. ती बाजूला बांधलेली काडी आत जायची राहिली, ती नंतर वरून खोचली.

"झालं," ते म्हणाले.

"बाबा, तो जत्रेतला भोंदू!" हुइलान म्हणाली. "तुम्हीच म्हणता ते तोंड बघून बोलतात. याला तर तोंड दिसतही नाही."

"तो भोंदू असेल. प्रश्न खरा होता. तुझ्या नावाने, याच गोष्टीसाठी विचारला गेला. आता मी पुन्हा विचारू दिलं तर त्याचा अर्थ, हे आवडलं नाही, दुसरं दाखवा. कापडाच्या दुकानात चालतं ते."

"मग कधी?"

"पुढच्या वर्षी. गोष्ट बदलली तर."

क्वेइरोंग एकदा सासऱ्यांकडे, एकदा हुइलानकडे बघत होती. भांडं तिने टेबलावर ठेवलं, मग ठेवू नये असं वाटून पुन्हा उचललं. "मी काही वाईट केलं का गं?" तिचा आवाज एकदम लहान झाला. "माझ्या घरात तीन मुलगे म्हणजे तीन बैल वाढताहेत, दिवसभर नुसते ढुशा देतात. मला वाटलं, एखादी वेणी घालायला मिळेल."

हुइलान बाकड्यावर बसली. तिला राग यायला हवा होता. एवढं टेबल घासलं, कोरे पाव खाल्ले, गोठलेला पंप सोडवला. पण तळपायापासून वर जे चढत आलं तो राग नव्हता. सुटल्यासारखं वाटत होतं. काड्यांनी 'नको' म्हटलं असतं, तर? त्या 'नको'ला ती किती घाबरत होती, ते आता, ते टळल्यावर, तिला दिसलं. तिने मान वर केली तर सासरे तिच्याकडेच बघत होते. ते आयुष्यभर रेघा वाचत आलेले. तिला तोंड कुठे लपवावं कळेना.

"बाबा," ती म्हणाली. "काड्या राहू देत. तुम्हाला काय वाटतं?"

"मी काड्या वाचतो. सुना वाचत नाही."

उदबत्तीची राख ज्वारीवर पडली. म्हाताऱ्याने डाव्या हाताने उजवा उचलून मांडीवर नीट ठेवला, जणू त्यालाही काही ऐकवायचं होतं.

"थोरल्याकडे हिवाळ्यात ऊन चांगलं येतं," ते म्हणाले. "मला ऊन बरं वाटतं."

क्वेइरोंगने तोंड उघडलं. तिचं घर उत्तरेला तोंड करून होतं, आणि जो काही उजेड यायचा तो पिठाच्या गिरणीच्या भिंतीने अडवलेला; हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तिने सासऱ्यांकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं. गप्प बसलेली ती हुइलानने पहिल्यांदाच पाहिली.

"खरंच ऊन येतं, बाबा?" हुइलानने विचारलं.

"मग काय खोटं सांगतोय?" ते चिडून म्हणाले.

ती त्यांच्याकडे बघत राहिली, आणि ते पिशवीच्या गाठीकडे.

"मग," क्वेइरोंग हळूच म्हणाली, "दुकानावर सांगू ना? तिकिटाचं? मी तिकडूनच जातेय."

"सांगा," हुइलान म्हणाली.

शब्द इतका सहज निघाला की तिलाच भीती वाटली. पुन्हा गिळून घ्यावा असं क्षणभर वाटलंही, पण क्वेइरोंग तोवर उंबरठ्याबाहेर पडली होती, भांडं कट्ट्यावर ठेवून, कडी न लावता. गल्लीत तिचा आवाज परत मोठा झालेला ऐकू आला. कुणाला तरी ती हाक मारत होती.

हुइलान उठली ती सासऱ्यांच्या पाठीमागची उशी सरळ करायला. तेवढ्यात आतल्या दारात सुइसुइ उभी दिसली. स्वेटर उलटा घातलेला, एका पायात बूट. कधीपासून उभी होती कुणास ठाऊक.

तिने आईला खालून वर पाहिलं. ओले, मागे बांधलेले केस. निळा कोट. रिकामं, पुसलेलं टेबल. या गावात माणूस उजाडायच्या आत उठला, अंग धुऊन चांगला कोट घालून बसला की तो बसथांब्याकडे जायला निघालेला असतो, हे तिच्याएवढ्या मुलांना कुणी सांगावं लागत नाही. बाबा असेच निघाले होते. समोरच्या घरातली आईही अशीच.

"आज नाही, बाळा," हुइलान घाईघाईने म्हणाली. "मी आज कुठे जात नाहीये. हे आजोबांचं काम होतं."

सुइसुइ रडली नाही. तिने कट्ट्यावरचा कंगवा घेतला, बुटकं स्टूल ओढून आईच्या पुढ्यात आणलं आणि रोजच्यासारखी पाठ करून बसली. हुइलानने केस सोडवायला घेतले. झोपेने गाठी झाल्या होत्या. ती हळूहळू, एकेक गाठ बोटांनी सुटी करत राहिली. या कामाला आज तिला जितका वेळ लावता येईल तितका हवा होता. खाटेवर म्हाताऱ्याने भिंतीकडे तोंड केलं होतं.

एक वेणी झाली. दुसरीचे पेड हातात असताना सुइसुइ एकदम उठली आणि स्टुलावर चढून उभी राहिली, आईच्या खांद्याला खांदा लागेल अशी. मान वळवून तिने आपण कुठवर आलो ते पाहिलं.

"आई, तू परत येशील तेव्हा मी केवढी असेन?"